डाहोमीचे राजे आणि माणसांचा बाजार: दोष नेमका कुणाचा?

पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन या देशाने सप्टेंबर २०२४मध्ये एक कायदा केला. ज्यांच्या पूर्वजांना गुलाम करून आफ्रिकेतून समुद्रापार नेलं गेलं, त्यांच्या वंशजांना बेनिनचं नागरिकत्व मिळू शकेल, असा हा कायदा आहे. जुलै २०२५मध्ये अमेरिकी गायिका सियाराने हे नागरिकत्व घेतलं आणि महाराष्ट्राच्या एकतृतीयांशाहून थोड्याच मोठ्या आकाराच्या या देशाचं नाव जगभरच्या बातम्यांत झळकलं.

अशी बातमी आली की दोन मतं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, ‘आफ्रिकन राजांनीच आपली माणसं विकली, मग युरोपला नावं कशाला ठेवायची?’ दुसरं बरोबर उलटं: ‘सगळं पाप गोऱ्यांचं, आफ्रिकन राजांच्या हातात काही नव्हतंच.’ मला ही दोन्ही मतं सारखीच चुकीची वाटतात. दोन्ही मतांमध्ये कुणाला तरी सोडवायची घाई आहे, आणि त्या घाईत ज्यांना प्रत्यक्ष विकलं गेलं ती माणसं नजरेआड होतात. म्हणून हा व्यापार चालायचा कसा, कोण काय विकायचं, बदल्यात काय मिळायचं, हे आधी नीट पाहू.

### राज्य आतलं, डोळा किनाऱ्यावर

आजच्या बेनिनच्या दक्षिण भागात फॉन लोकांचं डाहोमी नावाचं राज्य होतं. (नायजेरियात बेनिन नावाचं एक वेगळं, जुनं राज्य होऊन गेलं, पितळी शिल्पांसाठी प्रसिद्ध असलेलं. त्याची आणि याची गल्लत नको. त्या राज्याचा उल्लेख पुढे येईल.) डाहोमीची राजधानी आबोमे ही समुद्रापासून सुमारे १०० किलोमीटर आत होती. किनाऱ्याकडची जमीन अल्लादा आणि हुएदा या दोन छोट्या राज्यांकडे होती. त्यांतल्या हुएदाच्या हद्दीत वीदा नावाचं गाव होतं, आणि सगळा पैसा तिथेच फिरत होता.

वीदाला बंदर म्हणवत नाही. तिथे खाडी नाही, धक्का नाही, जहाज किनाऱ्याला लागूच शकत नाही. जहाजं खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची आणि माणसं, माल, सगळं होडक्यांतून फेसाळत्या लाटा फोडत न्यावं लागायचं. हे काम इतकं अवघड होतं की त्यासाठी पश्चिमेकडच्या, म्हणजे आजच्या घानाच्या किनाऱ्यावरचे तरबेज नावाडी मुद्दाम आणले जात. गाव समुद्रापासून तीन-चार किलोमीटर आत, मध्ये खाजण. इंग्रज, फ्रेंच आणि पोर्तुगीज या तिघांचेही किल्ले या गावात, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर होते. युरोपात एकमेकांच्या जिवावर उठलेली ही राष्ट्रं इथे मात्र भांडत नसत, कारण हुएदाच्या राजाचा तसा हुकूम होता. त्या किनाऱ्यावर अठराव्या शतकात हुकूम कुणाचा चालायचा, हे यावरून कळतं.

डाहोमीचा राजा अगाजा याने १७२४ साली अल्लादा जिंकलं आणि १७२७ साली हुएदा. तेव्हापासून वीदा डाहोमीकडे आलं आणि १८९०च्या दशकात फ्रेंचांनी राज्य गिळेपर्यंत डाहोमीकडेच राहिलं.

### आकडे केवढे?

अटलांटिकपलीकडे नेण्यासाठी आफ्रिकेत जहाजांवर चढवलेल्या माणसांची संख्या अभ्यासक सुमारे सव्वा कोटी धरतात. पलीकडे जिवंत उतरले सुमारे १ कोटी ७ लाख. मधले १८ लाख लोक वाटेत मेले आणि समुद्रात टाकले गेले. एकट्या वीदातून गेलेल्यांचा अंदाज १० लाखांच्या वर आहे. अंगोलातलं लुआंडा सोडलं तर आफ्रिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही ठिकाणाहून इतकी माणसं गेली नाहीत.

पण हे सगळे १० लाख डाहोमीच्या खात्यावर टाकता येत नाहीत. या किनाऱ्यावरचा व्यापार सगळ्यात तेजीत होता तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, हुएदाच्या राजवटीत. डाहोमीने वीदा घेतल्यावर तो बराच उतरला, कारण आतून माल आणणाऱ्या वाटा युद्धाने बंद पडल्या. ‘माल’ हा शब्द लिहिताना मन खात नाही असं नाही, पण त्या काळच्या वह्यांमध्ये माणसांना याच हिशेबात मांडलेलं आहे.

### बाजार कसा चालायचा

आपल्याकडच्या बाजार समितीतला अडत्या डोळ्यांपुढे आणा. पिकवणारा एकीकडे, घेणारा दुसरीकडे, आणि सौदा व्हायचा तर अडत्याच्या ओट्यावरूनच. हुएदाचा राजा मुख्यतः या जागी होता. आतल्या भागातून व्यापारी कैदी आणत, राजा जकात घेई, सौदे होऊ देई. डाहोमीने यात मोठा बदल केला. या राज्याने ओटाही आपल्या ताब्यात ठेवला आणि स्वतःचं सैन्य पाठवून माणसं पकडूनही आणली.

वीदात डाहोमीच्या राजाचा एक अधिकारी बसे. त्याचा हुद्दा योवोगान, म्हणजे गोऱ्यांचा कारभार पाहणारा सरदार. जहाज आलं की कप्तानाने आधी राजाचा कर भरायचा, आणि हा कर जहाजाच्या आकारावर, डोलकाठ्यांच्या संख्येवर ठरे. तो भरल्याशिवाय एकही सौदा नाही. मग पहिल्यांदा राजाचे कैदी विकले जात, राजाने ठरवलेल्या भावाने. त्यानंतर खासगी व्यापाऱ्यांचा नंबर. म्हणजे राजाची शंभर टक्के मक्तेदारी नव्हती, पण त्याला डावलून काहीच होत नव्हतं.

विकत घेतलेल्या माणसाच्या अंगावर तापलेल्या लोखंडाने घेणाऱ्याची खूण डागली जाई. जहाज भरायला अनेकदा महिने लागत. तोवर कोंडवाड्यात राहायचं, आणि एके दिवशी खाजण ओलांडून, वाळूतून चालत होडक्यापर्यंत जायचं. आतल्या मुलखातल्या कित्येकांनी त्याआधी समुद्र पाहिलेलाही नव्हता.

### बदल्यात काय मिळायचं?

शाळेच्या पुस्तकात ‘त्रिकोणी व्यापार’ असतो: युरोपातून माल आफ्रिकेत, आफ्रिकेतून गुलाम अमेरिकेत, अमेरिकेतून साखर युरोपात. वीदाच्या बाबतीत हे चित्र अर्धंच खरं आहे. इथला मोठा व्यापार थेट ब्राझीलच्या बाहिया प्रांताशी होता, युरोपला वळसा न घालता. बाहियातली हलक्या प्रतीची तंबाखू, काकवीत भिजवून वळलेली, या किनाऱ्यावर फार लोकप्रिय होती. पोर्तुगालमध्ये जिला गिऱ्हाईक नव्हतं त्या तंबाखूवर माणसं विकत घेतली जात होती.

दुसरी वस्तू कवडी. या भागात कवडी हेच नाणं होतं. ४० कवड्या दोरीत ओवून एक माळ, अशा पाच माळांची २०० कवड्यांची जुडी, आणि बाजारात भाजीपासून माणसापर्यंत सगळं या हिशेबाने. या कवड्या यायच्या मालदीवमधून. तिथून बंगाल किंवा श्रीलंका, मग डच आणि इंग्रज ईस्ट इंडिया कंपन्यांच्या जहाजांतून ॲमस्टरडॅम आणि लंडन, तिथे लिलाव, आणि मग पश्चिम आफ्रिका. अठराव्या शतकात या मार्गाने सुमारे १,००० कोटी कवड्या गेल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे.

तिसरी वस्तू कापड, आणि इथे आपला संबंध थेट येतो. आफ्रिकेच्या या किनाऱ्यावर गुजरात आणि कोरोमंडलच्या सुती कापडाला मोठी मागणी होती. गोव्याहून लिस्बनला निघालेली पोर्तुगीज जहाजं वाटेत बाहियातल्या साल्वादोरला थांबत, तिथे भारतीय कापड उतरे, आणि त्यातलं काही पुढे गुलाम खरेदीसाठी आफ्रिकेत जाई. आपल्या विणकराला याची कल्पना असण्याचं कारण नव्हतं. पण हा व्यापार केवळ अटलांटिकचा नव्हता, त्याची मुळं हिंदी महासागरापर्यंत पसरलेली होती, हे आपण तरी लक्षात ठेवायला हवं.

आणि अर्थात बंदुका, दारूगोळा, मद्य.

### ‘त्यांनी आपलीच माणसं विकली’ हे खरं का?

हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप, म्हणून इथे जरा थांबू.

यात ‘आपली’ म्हणजे कोण, हे आधी ठरवायला हवं. अठराव्या शतकातला फॉन सैनिक स्वतःला आफ्रिकन समजत नव्हता. तो डाहोमीच्या राजाचा माणूस होता. उत्तरेचे माही लोक, पूर्वेचे योरुबा, हे त्याच्या लेखी परके आणि बहुतेकदा शत्रू. त्याच शतकात फ्रेंच आणि इंग्रज एकमेकांशी लढत होते, तेव्हा ‘युरोपियनांनी आपलीच माणसं मारली’ असं आपण म्हणत नाही. उलट डाहोमीत जन्मलेल्या माणसाला परदेशी विकायचं नाही, असा राज्याचा दंडक होता.

तो दंडक राजघराण्यातच मोडला गेला. १७९७ साली गादीवर आलेल्या अदांदोझान राजाने आधीच्या राजाची एक राणी, आगोंतिमे, गुलाम म्हणून विकून टाकली, असं डाहोमीची परंपरा सांगते. १८१८ साली अदांदोझानला पदच्युत करून गेझो गादीवर आला. परंपरेनुसार आगोंतिमे ही त्याची आई, आणि तिला शोधायला त्याने समुद्रापार माणसं पाठवली. ब्राझीलमधल्या साओ लुईस शहरात एक जुनं देवस्थान आहे, तिथे डाहोमीच्या राजघराण्यातल्या पूर्वजांची नावं घेऊन पूजा होते. त्यावरून काही अभ्यासकांनी असा तर्क केला की ती राणी तिथवर पोहोचली असावी.

ज्याला आपल्या आईचा ठावठिकाणा हवा होता, त्याच गेझोने पुढे ३० वर्षांहून जास्त काळ दुसऱ्यांच्या आया विकल्या. त्याला गादी मिळवून देणारा माणूसच ब्राझीलचा गुलाम व्यापारी होता, फ्रान्सिस्को फेलिक्स दि सोझा. गेझोने त्याला वीदात ‘चाचा’ हा मानाचा किताब दिला. आपण काय करतो आहोत हे गेझोला पुरेपूर ठाऊक होतं. म्हणून ‘तेव्हाच्या माणसाला यात वावगं वाटतच नसणार’ हे मला पटत नाही. आपलं माणूस गेलं की काय होतं, हे त्याने भोगलं होतं.

### ‘गुलामगिरी तिथे आधीपासून होतीच की’

होती. युद्धातले कैदी शेतावर राबत, घरात राबत, काहींचा वार्षिक विधींमध्ये राजाच्या पूर्वजांना बळी दिला जाई. यावर पांघरूण घालायचं कारण नाही.

फरक पडला तो प्रमाणात आणि हेतूत. युद्ध झालं म्हणून कैदी मिळणं वेगळं, आणि कैदी हवेत म्हणून युद्ध करणं वेगळं. समुद्रापलीकडे ऊस, तंबाखू आणि पुढे कापसाचे मळे होते. ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत माणसं इतक्या लवकर मरत की पैदाशीवर संख्या टिकत नसे, सतत नवी माणसं विकत घ्यावी लागत. असं न भरणारं पोट गावच्या जुन्या दास्यपद्धतीला कधीच नव्हतं. शिवाय मळ्यांतली गुलामगिरी कातडीच्या रंगावर बेतलेली आणि वंशपरंपरेने चालणारी होती. पश्चिम आफ्रिकेत दासाची मुलं-नातवंडं हळूहळू त्या घराण्यात मिसळून जाण्याची वाट बहुधा उघडी असे. अमेरिकेत कायद्यानेच ती बंद केलेली.

### ‘न विकून करणार काय?’

डाहोमीच्या बाजूने मांडला जाणारा हा मुद्दा वजनदार आहे. बंदुका युरोपियनांकडेच मिळायच्या, आणि त्या बदल्यात त्यांना माणसंच हवी असायची. शेजाऱ्याकडे बंदुका आहेत आणि आपल्याकडे नाहीत, तर उद्या आपणच विकले जाणार. त्यात ईशान्येला ओयो हे योरुबांचं घोडदळाचं बलाढ्य राज्य. १७३०पासून १८२०च्या दशकापर्यंत डाहोमी ओयोला खंडणी भरत होतं. भीती खरी होती.

तरीही नाइलाजाने सगळं उलगडत नाही. १७९५ साली डाहोमीच्या राजाने वकील पाठवून पोर्तुगीजांना गळ घातली की तुमची खरेदी फक्त आमच्या वीदातच करा, शेजारच्या बंदरांत नको. पोर्तुगीजांनी ते मानलं नाही. गळ्याशी आलेलं संकट टाळणारा माणूस गिऱ्हाईक फक्त आपल्याच दुकानात यावं म्हणून धडपडत नाही. आणि सुरुवातीला ज्या नायजेरियातल्या बेनिन राज्याचा उल्लेख केला, त्याने सोळाव्या शतकात पुरुष गुलामांची निर्यात बंद केली आणि ते बंधन बराच काळ पाळलं. दुसरी वाट बिकट होती, पण होती.

हुएदा जिंकणाऱ्या अगाजाला हा व्यापार बंद करायचा होता, असं मत काही अभ्यासकांनी मांडलं होतं. २०२२ साली डाहोमीच्या स्त्री सैनिकांवर आलेल्या हॉलिवूडच्या चित्रपटातही राज्य व्यापारातून बाहेर पडू पाहत असल्याचं दिसतं. पुरावा याला साथ देत नाही. अगाजाने स्वतः कैदी विकले, गेझोने १८५०च्या दशकापर्यंत विकले, आणि त्या शूर स्त्रियांची पलटण माणसं पकडण्याच्या मोहिमांवर जात होती.

उलट बाजूनेही सावध राहायला हवं. डाहोमीबद्दलचा जुना लेखी मजकूर बराचसा गुलाम व्यापाऱ्यांनीच लिहिलेला आहे. वीदाच्या इंग्रज किल्ल्याचा प्रमुख राहिलेल्या आर्चिबाल्ड डॅल्झेलने १७९३ साली डाहोमीचा इतिहास छापला. तेव्हा ब्रिटिश संसदेत व्यापारबंदीची चर्चा चालू होती, आणि डॅल्झेल बंदीच्या विरोधात होता. डाहोमी जितकं क्रूर दिसेल तितकं ‘आम्ही विकत घेऊन यांचे प्राणच वाचवतो’ हे म्हणणं सोपं जाणार. त्याची वर्णनं वाचताना हे विसरून चालत नाही.

### ‘शेवटी ब्रिटननेच थांबवलं ना?’

ब्रिटनने १८०७ साली आपल्या जहाजांना या व्यापाराची बंदी केली आणि मग आरमार पाठवून इतरांनाही अडवलं. हे खरं आहे. त्याआधीच्या शतकात सगळ्यात जास्त माणसं वाहून नेणाऱ्यांत ब्रिटिश जहाजंच पुढे होती, हेही खरं आहे. १८५०च्या सुमाराला ब्राझीलने गुलामांची आयात बंद केली, ब्रिटिशांनी वीदाची नाकेबंदी केली, आणि जानेवारी १८५२मध्ये गेझोने बंदीच्या करारावर सही केली. काही वर्षांत चोरटा व्यापार पुन्हा सुरू झाला.

दरम्यान ब्रिटनला पामतेल हवं होतं, साबणासाठी, मेणबत्त्यांसाठी, कारखान्यांतल्या यंत्रांना वंगण म्हणून. डाहोमीत पामच्या बागा वाढल्या, आणि त्यात राबायला कैदीच लावले गेले. म्हणजे समुद्रापार जाणारी माणसं कमी झाली तरी पकडापकडी चालूच राहिली.

१८६० साली गेझोचा मुलगा ग्लेले गादीवर होता. त्याच्या सैन्याने एका योरुबा गावावर पहाटे हल्ला केला. त्यात १९ वर्षांचा ओलुआले कोसोला पकडला गेला. त्याला वीदाच्या कोंडवाड्यात सुमारे तीन आठवडे ठेवलं. तिथून क्लोटिल्डा नावाच्या अमेरिकी जहाजाच्या कप्तानाने त्याला आणि आणखी १०० च्या वर लोकांना विकत घेतलं. अमेरिकेत गुलामांची आयात तेव्हा ५०हून जास्त वर्षं बेकायदा होती. अलाबामातल्या मोबिलला माणसं उतरवून कप्तानाने पुरावा नष्ट करायला जहाज जाळून बुडवलं. त्याचे अवशेष नदीच्या गाळात सापडले आणि २०१९ साली त्यांची ओळख पटली.

१८६५ साली अमेरिकेतली गुलामगिरी संपली. कोसोलाला आणि त्याच्या सोबत्यांना घरी परतायचं होतं, भाड्याला पैसे नव्हते. ज्याने त्यांना आणवलं त्या मालकाकडे जमीन मागितली, त्याने दिली नाही. मग मजुरी करून त्यांनी जमीन विकत घेतली आणि आपली वस्ती वसवली, आफ्रिकाटाउन. कोसोला १९३५ साली वारला. म्हातारपणी भेटायला येणाऱ्यांना तो त्या पहाटेबद्दल सांगायचा, डाहोमीच्या सैन्याबद्दलही आणि जहाजाबद्दलही. पकडणारा एक, विकत घेणारा दुसरा, राबवणारा तिसरा. त्याच्या आयुष्यातून यांतला एकही वजा करता येत नाही.

### आजचा बेनिन काय करतो आहे?

१८९२ साली फ्रेंच सैन्य आबोमेत शिरलं आणि राजवाड्यातल्या वस्तू लुटून फ्रान्सला नेल्या. त्यांतल्या २६ वस्तू नोव्हेंबर २०२१मध्ये परत आल्या, तेव्हा बेनिनमध्ये उत्सव झाला. वीदातला पोर्तुगीज किल्ला मात्र फ्रेंच राजवटीतही पोर्तुगालकडेच राहिला होता. नव्याने स्वतंत्र झालेल्या डाहोमीने (देशाचं नाव बेनिन झालं १९७५ साली) तो १९६१च्या ऑगस्टमध्ये ताब्यात घेतला, गोवा मुक्त होण्याच्या चारच महिने आधी. जाताना तिथल्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने किल्ल्याला आग लावली. पुढे तिथे संग्रहालय झालं.

दोषाबद्दलही बोललं गेलं. १९९९ साली बेनिनचे राष्ट्राध्यक्ष मातियू केरेकू यांनी अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या एका चर्चमध्ये गुडघे टेकून कृष्णवर्णीय अमेरिकनांची माफी मागितली, आपल्या लोकांनी या व्यापारात घेतलेल्या वाट्याबद्दल. युरोपातल्या फार थोड्या राष्ट्रप्रमुखांनी तोवर असं काही केलं होतं.

देशाच्या आत हे सोपं नाही. दि सोझाचे वंशज अजून वीदात आहेत, ‘चाचा’ हा किताबही चालू आहे. ज्यांच्या गावांवर हल्ले झाले ते माही आणि योरुबा समाज त्याच देशाचे नागरिक आहेत. आबोमेचे राजवाडे १९८५पासून जागतिक वारसा यादीत आहेत. फॉन माणसाला तिथे अभिमान वाटतो आणि माही माणसाला तिथे वेगळंच काही आठवतं.

नव्या कायद्यानुसार अर्जदाराला आपला पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेला गेला होता हे दाखवावं लागतं. कागद, साक्षी किंवा डीएनए चाचणी यांपैकी काहीही चालतं, आणि तो पूर्वज बेनिनमधूनच गेला असं सिद्ध करायची अट नाही. ती अट घालताच आली नसती. जहाजांच्या वह्यांमध्ये बहुतेक वेळा पुरुष किती, बायका किती, मुलं किती आणि किंमत काय एवढंच आहे. नावं लिहिलेली नाहीत.